दुसऱ्याच्या पोस्टकार्डाचा फोटो टाकताय? जरा थांबा.

थोडं स्पष्ट लिहितो. कोणाला बोचलं तर खाली लिहा, भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

दुसऱ्या माणसानं आपल्याला लिहिलेल्या पोस्टकार्डाचा फोटो, त्याला न विचारता, नाव-पत्त्यासकट ग्रुपवर टाकणं ही वाईट खोड आहे. ती आपल्या भागात वाढते आहे आणि वाढवणारे बहुतेक सज्जन लोक आहेत. शिक्षक आहेत, पालक आहेत, कॉलेजात शिकणारी चांगली पोरं-पोरी आहेत. म्हणूनच एवढं लांब लिहावं लागतंय. टवाळखोरांनी केलं असतं तर चार शब्द सुनावून विषय संपला असता.

हे कशावरून सुचलं ते सांगतो. पोस्टकार्ड पुन्हा लिहिलं जातंय ही आनंदाची गोष्ट आहे. तालुक्यातल्या काही शाळांनी दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शाळांशी जोडी लावून मुलांना एकमेकांना कार्डं लिहायला लावली. कधी न पाहिलेल्या मुलाला ‘प्रिय मित्र’ म्हणून लिहायचं, त्याच्या गावात काय पिकतं ते विचारायचं, आपल्या चौरास भागातल्या धानाबद्दल सांगायचं. यापेक्षा चांगला भाषेचा तास कोणता? काही कॉलेजची पोरं पोस्टक्रॉसिंगमध्ये उतरली आहेत, त्यांच्याकडे परदेशातून कार्डं येतात. आसगावच्या पोस्टात परदेशी तिकिटाचं कार्ड आलं की अजूनही चार लोक हातात घेऊन पाहतात. छानच आहे.

आता दुसरी बाजू. अशाच एका उपक्रमात दूरच्या जिल्ह्यातल्या सातवीतल्या मुलीनं लिहिलेलं कार्ड मला दोन दिवसांत चार ग्रुपांवर दिसलं. दोन्ही बाजूंचा फोटो. मुलीचं पूर्ण नाव, शाळा, गाव, तालुका, पिनकोड, वडिलांचा मोबाईल नंबर आणि घरातली एक गोष्ट, जी मी इथं लिहिणार नाही. तिनं ती आपल्याकडच्या एका मुलीला सांगितली होती. खाली मजकूर होता, ‘आमच्या शाळेचा अभिनव उपक्रम’. त्याखाली अंगठे आणि टाळ्या. एका महाभागानं तिच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून हसायचा चेहराही टाकला होता.

मी संबंधित गुरुजींना फोन केला. माणूस भला आहे. म्हणाले, “पोस्टकार्ड तं उघडंच राह्यते ना भाऊ. त्यात लपवाचं काय हाय?”

हा प्रश्न खोटा नाही. अनेकांच्या मनात तोच आहे. म्हणून त्याचं नीट उत्तर देतो.

पोस्टकार्ड उघडं असतं हे खरं. का असतं? स्वस्त असावं म्हणून. आपल्या देशात १ जुलै १८७९ ला ते सुरू झालं तेव्हा त्याची किंमत एक पैसा होती. आज साधं कार्ड ५० पैशांना मिळतं. पाकीट नाही, डिंक नाही, म्हणून गरिबाला परवडतं. उघडेपणा ही त्या स्वस्ताईची किंमत होती. लिहिणाऱ्यानं ‘माझं खासगी जगासमोर मांडा’ अशी परवानगी त्यातून कधी दिली नव्हती.

आणि ते उघडं कार्ड पाहायचं कोण? टपाल निवडणारा, गावचा पोस्टमन, आणि घरात कोणी शिकलेलं नसेल तर वाचून दाखवणारा शेजारचा पोरगा किंवा मास्तर. मोजून चार-पाच माणसं. त्यातली गावातली माणसं ओळखीची. पोस्टमनला साऱ्या गावाची सुखदुःखं ठाऊक असायची. कोणाच्या मुलीचं जुळलं, कोणाचा पोरगा नागपूरला बिनकामाचा बसला आहे, कोणाकडं पैशाची ओढ आहे. पण तो पारावर बसून कार्डं मोठ्यानं वाचायचा नाही. वाचली असती तर त्याच संध्याकाळी गावानं त्याला जाब विचारला असता. उघड्या कार्डाभोवती असं न दिसणारं पाकीट होतं. लाजेचं म्हणा, जबाबदारीचं म्हणा.

आपल्याकडं तर कार्डाची केवढी रीत होती! कोपरा फाटलेलं कार्ड आलं की घरात रडारड सुरू व्हायची, कारण ती मरणाची बातमी. ते कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. लग्नाच्या कार्डाला हळद-कुंकू लागायचं, ते मात्र देवाजवळ जायचं. मोठ्यांना ‘तीर्थरूप’, शेवटी ‘लोभ असावा’. कोणतं कार्ड कोणाला दाखवायचं, कोणतं चुलीत घालायचं, हे चौथी नापास आजीलाही कळत होतं. आणि आपण पदव्या घेऊन बसलेली माणसं म्हणतो, ‘त्यात लपवायचं काय?’

चार माणसांनी पाहिलेलं आणि चार हजारांनी पाहिलेलं यात फक्त आकड्याचा फरक नसतो. त्या चारांना विचारता येतं. फॉरवर्ड झालेल्या फोटोला कोणाला विचारणार?

आता पत्त्याचं बोलू, कारण खेड्यात ही गोष्ट शहरापेक्षा जास्त गंभीर आहे. पुण्या-मुंबईच्या माणसानं फ्लॅट नंबर आणि सोसायटी झाकली की नावावरून त्याला शोधणं कठीण. आपल्याकडं उलटं आहे. नाव, मु. पो. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा. झाला पत्ता! घर नंबर लागत नाही, गल्ली लागत नाही. एसटीतून उतरून पहिल्या टपरीवर नाव विचारा, टपरीवाला स्वतः उठून दारापर्यंत सोडून येईल. आपल्याकडं नाव आणि गाव मिळालं की घर सापडलं. म्हणून ‘मी पिनकोड खोडला होता’ असं सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, नाव आणि गाव ठेवून पिनकोड खोडणं म्हणजे दार उघडं टाकून खिडकीला कडी लावणं.

पिनकोडही काही कमी बोलका नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसानं, टपाल खात्यातल्या संस्कृत पंडितानं, ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशात सुरू झाली. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळी अक्षरं यातून पत्र चुकू नये म्हणून सहा आकडे. ४४ नं सुरुवात झाली की विदर्भ. पुढचे आकडे थेट वाटपाच्या पोस्टापर्यंत आणून सोडतात. आसगाव नावाची गावं महाराष्ट्रात आणखीही आहेत आणि गोव्यातही एक आहे. त्या गोंधळातून पत्र योग्य दारी जावं यासाठी जी अचूकता तयार केली, तीच आपण अनोळखी लोकांच्या हातात फुकट देतोय. आणि पत्ता झाकला तरी तिकिटावरचा गोल शिक्का राहतोच. त्यात पोस्टाचं नाव आणि तारीख असते. तो किती जणांनी झाकला?

“होते काय एवढ्यानं?” असंही विचारतात. आपल्याच गावांत विचारा. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो तेव्हा समोरचा नाव, गाव, मुलाची शाळा सांगतो आणि माणूस फसतो. ही माहिती आकाशातून पडत नाही, अशा तुकड्यांतूनच गोळा होते. ज्या मुलीचं नाव, वर्ग, शाळा आणि बापाचा नंबर एका फोटोत आहे, तिच्या नावानं कोणी खोटं खातं काढलं किंवा बापाला ‘तुमच्या मुलीचा अपघात झाला, पैसे पाठवा’ असा फोन केला, तर? फसवणूक झाली तर १९३० वर तक्रार करता येते, करावीच. पण आपल्या हातानं माहिती पुरवायची आणि मग हेल्पलाइनचा नंबर फॉरवर्ड करायचा, हा कुठला शहाणपणा?

दुसरा युक्तिवाद असा, ‘कार्ड मला आलं, म्हणजे माझं आहे, मी काहीही करीन.’ कागद तुमचा आहे, मान्य. फ्रेम करा, पेटीत ठेवा, नाही तर फाडून टाका. त्यावरचे शब्द मात्र लिहिणाऱ्याचे आहेत. हा भेद काही आजचा नाही. १७४१ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप या कवीची पत्रं एका प्रकाशकानं परस्पर छापली. पोप कोर्टात गेला. कोर्टानं तेव्हाच सांगितलं की पत्राच्या कागदावर मिळवणाऱ्याचा हक्क असेल, पण छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही लिहिणारा हाच पहिला मालक. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सुनीताबाई देशपांडे यांनी जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत. ती पत्रं त्यांनी स्वतः लिहिलेली होती. लिहिणाऱ्यानं आपलं लिखाण जगासमोर ठेवणं वेगळं, आणि सातवीतल्या मुलीचं लिखाण तिसऱ्यानंच ठेवणं वेगळं.

मी सारं काही झाकून ठेवा असं म्हणत नाहीये. काही कार्डं लोकांसमोर यावीत म्हणूनच लिहिलेली असतात. आकाशवाणीला फर्माईश पाठवणारे आपलं आणि घरच्या सगळ्यांचं नाव लिहायचे ते रेडिओवर ऐकू यावं म्हणूनच. निवेदकानं नाव गाळलं तर माणूस रुसायचा. वर्तमानपत्रात ‘वाचकांची पत्रे’ छापतो तेव्हा खाली नाव-गाव देतो, कारण पत्र छापण्यासाठीच पाठवलेलं असतं. आणि त्यातही कोणी ‘नाव छापू नये’ लिहिलं तर ते पाळायचं, हे पत्रकारितेच्या वर्गात सुरुवातीलाच शिकवतात. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून राष्ट्रपतींना पोस्टकार्डं पाठवायची मोहीम झाली, ३ ऑक्टोबर २०२४ ला दर्जा मिळाला. ती मागणी सार्वजनिक होती. तिचा फोटो काढा, मिरवा. शेतकऱ्यानं आपल्या नावानिशी सरकारला कार्ड लिहून ‘हे साऱ्यांना दाखवा’ म्हटलं, तर दाखवलंच पाहिजे.

मग कसोटी सोपी आहे. कार्ड कोणासाठी लिहिलं होतं? लिहिणाऱ्याच्या मनात जेवढे वाचणारे होते, तेवढ्यांनीच ते वाचावं. त्याबाहेर न्यायचं तर विचारावं. बस्स.

पोस्टक्रॉसिंगवाल्यांकडून यात शिकण्यासारखं आहे. पाउलो मॅगलायस या पोर्तुगीज माणसानं २००५ मध्ये हा उपक्रम सुरू केला. तुम्ही पत्ता मागता, यंत्रणा तुम्हाला जगातल्या कुठल्या तरी अनोळखी सभासदाचा पत्ता देते आणि कार्डावर लिहायला एक क्रमांक देते. समोरच्याला कार्ड मिळालं की तो क्रमांक टाकून पोच देतो, मग तुमचा पत्ता तिसऱ्याच अनोळखी माणसाला जातो आणि तुम्हाला कार्ड येतं. सगळा डोलारा एका भरवशावर उभा आहे. मी माझा पत्ता तुला एका कार्डापुरता दिला, तू तो त्याच कामापुरता वापर. म्हणून तिथं कार्डाची चित्राची बाजू दाखवायची रीत आहे. लिहिलेली बाजू दाखवायचीच असेल तर नाव, पत्ता, क्रमांक झाकायचा. क्रमांक का? तो दिसला तर भलताच कोणी पोच नोंदवू शकतो. आणखी एक, आपण पाठवत असलेल्या कार्डाचा फोटो ते पोचायच्या आधी टाकला तर ज्याला ते मिळणार त्याची मजा गेली. आपल्या काही पोरांनी परदेशातल्या बाईचा पूर्ण पत्ता असलेला फोटो ‘फ्रॉम जर्मनी’ म्हणून स्टेटसला ठेवला. तिला मराठी येत नाही, ती कधी पाहणार नाही, म्हणून चालतं? पाठीमागं केलेलं चालतं, असं घरी कोणी शिकवलं आपल्याला?

आता वरच्या लोकांशी बोलतो, कारण साऱ्या दोषाचं ओझं एका गुरुजीवर टाकणं अन्यायाचं होईल. गुरुजींनी फोटो टाकला कारण फोटो मागितला जातो. उपक्रम केला? फोटो पाठवा. झाड लावलं? फोटो. हात धुतले? फोटो. फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही असं धरतात. डिसेंबर २०२१ मध्ये अमृत महोत्सवानिमित्त चौथी ते बारावीच्या ७५ लाख मुलांनी पंतप्रधानांना पोस्टकार्ड लिहावं अशी देशभर मोहीम झाली. विषय चांगले होते, स्वातंत्र्यलढ्यातले अज्ञात वीर आणि २०४७ चा भारत. पण कार्ड पंतप्रधानांच्या नावे होतं, फेसबुकच्या नावे नव्हतं. अशा मोहिमांचं पत्रक काढताना ‘मुलांच्या नाव-पत्त्याचे फोटो टाकू नयेत’ अशी एक ओळ घालायला कागद कमी पडतो का? पत्रलेखनाच्या स्पर्धा होतात, सैनिकांना राख्या आणि कार्डं जातात, प्रत्येक ठिकाणी हीच ओळ हवी. आणि आमच्या पेशातल्या मंडळींनाही सांगतो. शाळेनं पाठवलेला फोटो आहे म्हणून जसाच्या तसा बातमीत लावू नका. मुलाची पाठ दिसू द्या, लिहिणारा हात दिसू द्या, कार्डावरची अक्षरं वाचता येऊ नयेत.

कायदा कुठं आहे तेही पाहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची खात्रीलायक संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. घरगुती वापराला हा कायदा लागत नाही, म्हणून कोणी वकिली करू नका. शाळेचा ग्रुप म्हणजे घर नव्हे. आणि कायद्यानं धरलं तरच लाज वाटायची असेल तर मग बोलणंच खुंटलं.

या साऱ्यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. मी गुरुजींना विचारलं, त्या मुलीला उत्तर गेलं का? नव्हतं गेलं. फोटो शेकडो लोकांनी पाहिला, अंगठे दिले, टाळ्या वाजवल्या. तिनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कोणीच लिहिली नव्हती. ती तिकडं रोज पोस्टमनची वाट पाहत असेल. कार्ड आलं की उत्तर द्यायचं, ही पहिली रीत. ती सोडून आपण मिरवणूक काढत बसलो. गुरुजींनी फेसबुकवरचा फोटो लगेच काढला, हे त्यांच्या मोठेपणाचं. ग्रुपांवरचा अजून फिरतोच आहे.

तर काय करायचं, ते थोडक्यात. जतन करून ठेवा, शाळेच्या फलकावर लावा.

१. कार्ड आलं की आधी उत्तर लिहा, फोटोचं मग पाहू.

२. फोटो टाकायचाच तर चित्राची बाजू किंवा तिकीट दाखवा. त्यात मजा भरपूर आहे.

३. लिहिलेली बाजू दाखवायची असेल तर लिहिणाऱ्याला विचारा. नाही म्हणाला किंवा उत्तर आलं नाही, तर टाकू नका.

४. हो म्हणाला तरी नाव, गाव, पिनकोड, नंबर, शिक्का झाका. कागदाचा तुकडा वर ठेवून फोटो काढा. मोबाईलच्या पेन्सिलनं मारलेल्या फिकट रेघेखालचं कधी कधी वाचता येतं.

५. मुलांच्या कार्डाची लिहिलेली बाजू कोणत्याही ग्रुपवर नको. पालकांना दाखवायचं असेल तर शाळेत बोलावून हातात द्या.

६. मुलांना शिकवताना मोबाईल नंबर कार्डावर लिहू नका असं सांगा. पत्ता घरचा न देता शाळेचा द्या.

७. अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नका. आज हसलात तर ते मूल पुन्हा कोणाला पत्र लिहिणार नाही.

‘एवढे नियम केले तर पत्रं कोण लिहील?’ असं काहींना वाटेल. उलट आहे, राजेहो. आपलं लिहिलेलं चव्हाट्यावर येणार हे माहीत असेल तर मुलं ‘मी मजेत आहे, तू कसा आहेस, आमची शाळा सुंदर आहे’ एवढंच लिहितील. मनातलं कोणी लिहिणार नाही. मग पोस्टकार्ड राहील, पत्र राहणार नाही. अनोळखी माणसावर भरवसा ठेवून दोन ओळी लिहिणं ही आज दुर्मिळ झालेली गोष्ट आहे. आपल्या पोरांना ती सापडली आहे, आपण मोठ्यांनी ती नासवू नये.

ग्रुप ॲडमिन मंडळींना विनंती. आपापल्या ग्रुपवर मागं जाऊन पाहा. कोणाच्या नाव-पत्त्याचं कार्ड दिसलं तर ॲडमिन म्हणून हटवा. हटवण्याची वेळ निघून गेली असेल तर सभासदांना आपल्या फोनमधून काढायला सांगा. ज्यानं टाकलं त्याला सर्वांसमोर झापू नका, खासगीत सांगा, तोही आपलाच माणूस आहे. आणि हे काम उद्यावर टाकू नका. पाच मिनिटांचं आहे, आजच उरकून घ्या.